कंडक्टरचं पाठांतर

४ जानेवारी

वही मिळाली. शंभर पानी, प्रत्येक पानावर आकडा आणि शिक्का. पान फाडलं तर वही जप्त आणि महिनाभर भेट बंद. भेट बंद झाली तर माझं काही अडणार नाही, भाऊ शेवटचा येऊन गेला त्याला सव्वादोन वर्षं झाली. पण वही गेली तर वाईट वाटेल.

फुकट मिळालेली नाही. आजपासून मी 'सोबती' झालो. नवा नियम निघालाय. ज्या कैद्याला स्वतःचं स्वतः करता येत नाही, त्याच्या दिमतीला एक कैदी द्यायचा. सोबत्याला महिन्याला पाच दिवस माफी, म्हणजे शिक्षेतून पाच दिवस कमी. शिवणखात्यात तीनच मिळायचे. मी हॉस्पिटलात पंधरा वर्षं कंपाउंडर म्हणून कामाला होतो हे कागदावर आहेच, म्हणून जेलर साहेबांनी मला उचललं.

त्या माणसाचं खाणं, झोप, शौच यांची रोज नोंद करायची, त्यासाठी ही वही. नोंदी पुढून लिहीन, हे मागून. आठ दिवसांनी तपासणार म्हणालेत. तपासू देत. औषधांच्या नोंदी करून करून माझं अक्षर असं झालंय की ते डॉक्टरांनासुद्धा लागायचं नाही.

माझ्या वाट्याला आलेत कंडक्टर. वय चौऱ्याहत्तर, जन्मठेप, आत येऊन नऊ वर्षं. बाहेर एकतीस वर्षं बसवर होते. मला पाहून म्हणाले, "कुठे उतरणार?"

५ जानेवारी

पहिलाच दिवस आणि नाचक्की.

पावणेसहाला घंटा होते. पाच मिनिटांत घोंगडी घडी करून दोन-दोनच्या रांगेत उकिडवं बसायचं. आमचा मुकादम, म्हणजे आमच्यातलाच जुना कैदी, नंबर घेत येतो. आपला नंबर आला की 'हजर' म्हणायचं. दारात शिपाई कागद घेऊन उभा असतो. आकडा जुळला की दार उघडतं, चहा येतो. साठ माणसांच्या बराकीत आम्ही एकशे बेचाळीस आहोत, त्यामुळे आकडा जुळणं हे सोपं काम नाही.

कंडक्टर उठले आणि रांगेतून चालायला लागले. "चला, मागच्यांनी पुढे सरका. मधे जागा आहे. अहो ताई, पिशवी मांडीवर घ्या."

सगळी बराक हसली. मीही हसलो. शिपाई हसला नाही. आकडा चुकला, पुन्हा मोजणी, पुन्हा चुकला. तिसऱ्या खेपेला जुळला तेव्हा चहा पार गार झाला होता. मग कोणी हसेना. सगळे कंडक्टरांकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघत होते.

११ जानेवारी

कंडक्टर दिवसातून दहादा विचारतात, "आमची ही आली नाही का?"

आमची ही म्हणजे बायको. तिच्याच खुनासाठी ते आत आहेत. मी मुकादमाला विचारलं, काय सांगायचं यांना?

"सांगायचं, उद्या येईल. आम्ही सगळे तेच सांगतो."

"आणि उद्या?"

"उद्या त्यांना आज आठवत नाही. तुला काय त्रास आहे?"

बरोबर आहे. मीही तेच सांगतो. "उद्या येईल" म्हटलं की मान हलवतात आणि सदऱ्याच्या गुंड्या लावून बसतात.

२३ जानेवारी

मारलं त्यांना. मी पाण्याच्या रांगेत होतो. पाणी सकाळी एक तासच येतं, बारा नळांपैकी तीन चालू, आणि मला दोघांच्या बादल्या भराव्या लागतात. तेवढ्यात कंडक्टर शेजारच्या माणसाच्या अंथरुणावर लघवी करून बसले. संडासाला अर्ध्या उंचीची भिंत आहे, तिचं दार कुठलं हे त्यांना उमगत नाही.

शेजारच्याने दोन ठोसे दिले. त्याचंही काय चुकलं? प्रत्येकाला अडीच फूट रुंदीची पट्टी, तेवढंच त्याचं घर.

जेलर साहेबांनी निकाल दिला. शेजाऱ्याला ताकीद. कंडक्टरांना नियम सातखाली, बराकीत घाण केल्याबद्दल, दोन महिने कँटीन बंद. मी कंडक्टरांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "आपल्याला कँटीन आहे?"

ओठ फाटलाय. कापसाने पुसला. हात अजून बरा चालतो माझा.

६ फेब्रुवारी

चांगली बातमी. मे महिन्यात समिती बसणार आहे. सत्तरीच्या पुढचे आणि आजारी कैदी सोडता येतील का ते पाहणार. जेलर साहेबांनी मला ऑफिसात बोलावून सांगितलं.

"दोन गोष्टी लागतात. नातेवाईकाने लिहून द्यायचं की मी सांभाळीन. आणि कैद्याला गुन्ह्याची जाणीव पाहिजे, पश्चात्ताप पाहिजे. तोंडाने सांगता आला पाहिजे."

"साहेब, त्यांना सकाळचा चहा आठवत नाही."

"मग आठवायला लाव. सोबती कशाला दिलाय?" मग म्हणाले, "सुटला तर तुला तीस दिवस विशेष माफी. मी शिफारस करीन."

तीस दिवस!

पश्चात्तापाचं मला ठाऊक आहे. मागच्या वर्षी माझं प्रकरण लवकर सुटकेसाठी अशाच एका समितीपुढे गेलं होतं. विचारलं, पश्चात्ताप होतो का? मी खरं तेच सांगितलं, की पगार चार-चार महिने व्हायचा नाही, परिस्थिती तशी होती. त्यांनी लिहिलं, 'जाणीव नाही'. मी काही कुणाला विष दिलं नव्हतं. इंजेक्शन पातळ केलं होतं, उरलेलं बाहेर विकलं, एवढंच. तीन पेशंट दगावले म्हणतात. त्यातले दोन तसेही जायचेच होते.

कंडक्टरांच्या फाइलमध्ये एका मुलीचा पत्ता आहे. पत्र लिहिलं. पत्र आधी ऑफिसात वाचतात, म्हणून नेमस्त लिहिलं.

२८ फेब्रुवारी

मुलगी आली. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

भेटीला वीस मिनिटं. मधे काच, दोन्हीकडे फोन, आणि फोनमध्ये सारखी खरखर. कंडक्टरांना फोन धरता येत नाही म्हणून मला बरोबर सोडलं. बाई चाळिशीच्या. दवाखान्यात बिलं करतात म्हणे. पर्स छातीशी घट्ट धरून बसल्या होत्या, जणू काचेतून कोणी ओढून नेईल.

कंडक्टरांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि मला म्हणाले, "या रोजच्या आहेत. पास आहे यांच्याकडे."

मी फोन घेतला. त्यांनी विचारलं, "ओळखत नाहीत ना मला?"

"कधी कधी ओळखतात." मी खोटंच बोललो.

"आणि आईचं?"

"विचारतात. रोज विचारतात, ती भेटीला का येत नाही म्हणून."

घड्याळात आठ मिनिटं उरली होती, मला घाई सुटली. मी म्हटलं, "ताई, एक सही केलीत तर हे बाहेर येऊन मरतील तरी. इथे फार हाल आहेत."

"भाऊ, मी नऊ वर्षं एकच गोष्ट ऐकायची वाट बघतेय," त्या म्हणाल्या. "एकदा त्यांनी म्हणावं, मी केलं. कोर्टात म्हणाले नाहीत. आता म्हणता आठवतच नाही. म्हणजे हे सुटलेच की! आठवत बसायचं ते मी एकटीने?"

"म्हणाले तर न्याल?"

"म्हणू देत आधी. समितीला मी येईन."

उठताना काचेला हात लावला त्यांनी. कंडक्टरांनी बोटाने काचेवर टकटक केलं, दोनदा. बस सोडायची खूण.

३ मार्च

समितीला आणि मुलीला, दोघांनाही एकच गोष्ट हवी आहे. म्हणजे एका दगडात दोन पक्षी. कंडक्टरांकडून पाठ करून घ्यायचं.

निकालाची प्रत ऑफिसातून मागून घेतली. हकीकत सरळ आहे. तिसरा मजला, सायंकाळची वेळ, नवराबायको दोघंच घरात. याने तिला दारातून जिन्यावर ढकललं. ती पडली, उठून परत वर आली, तर पुन्हा ढकललं. दुसऱ्यांदा डोकं आपटलं. शेजाऱ्यांनी आरडाओरडा ऐकला, "उतर, खाली उतर!" म्हणून हा ओरडत होता. दोनदा ढकललं म्हणजे हेतू स्पष्ट आहे, असं न्यायाधीशांनी लिहिलंय. याने बचाव काय केला, तर घरात कोणी परकी बाई शिरली होती, तिला बाहेर काढली. आणि बायको बाजारात गेली होती. कोर्टाने त्याला 'बालिश बनाव' म्हटलंय.

सगळे असलंच काहीतरी सांगतात. इथे एकशे बेचाळीसपैकी एकशे चाळीस तरी निर्दोष आहेत.

वाक्यं मी तीनच केली आहेत:

माझ्या हातून माझ्या पत्नीचा जीव गेला.
मी रागाच्या भरात तिला जिन्यावरून ढकललं.
मला त्याचा पश्चात्ताप होतो.

१४ मार्च

पालथ्या घड्यावर पाणी. तिसरं वाक्य तेवढं येतं, तेही पुढचा स्टॉप पुकारावा तसं. "मला त्याचा पश्चात्ताप होतो!"

"कशाचा?"

"तुम्ही म्हणताय त्याचा."

मुकादमाला आता रोज बघायला हा खेळ झालाय. म्हणतो, "कंपाउंडर, तूच जा त्यांच्या जागी. तुला तिन्ही पाठ आहेत."

१९ मार्च

युक्ती सापडली. बिस्किटाच्या पुड्याचे तीन तुकडे केले, तिकिटाएवढे. पहिलं हातात दिलं की पहिलं वाक्य, दुसऱ्याला दुसरं. तिकीट हातात आलं की त्यांचा चेहरा बदलतो, बोटं बरोबर चालतात. दुपारी दोन वाक्यं लागोपाठ म्हणाले.

पण मधेच हुज्जत घालतात. "माझ्या पत्नीचा कसा? आमची ही बाजारात गेलीय. ती बाई वेगळी. विनातिकीट होती, उतरवली मी तिला."

मी चढ्या आवाजात म्हटलं, "बनाव करू नका." ते चपापले. नंतर तासभर माझ्या मागे मागे फिरत होते, तिकीट पुढे करून.

२८ मार्च

आज आत गेलं!

सकाळपासून बसलो होतो. निकालात पंचनाम्यातली कपड्यांची यादी आहे, ती मी पाहून ठेवली होती. म्हटलं, या बाजूने जाऊन बघू.

"ती बाई कशी होती?"

"होती आपली. वयस्कर."

"अंगात काय होतं?"

"हिरवं स्वेटर," लगेच म्हणाले. "कोपरावर रफू केलेलं."

"कोपरावर रफू केलेलं हिरवं स्वेटर कोणाचं होतं, कंडक्टर?"

"आमच्या हिचं."

"मग?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "तिने हिचं स्वेटर चोरलं?"

"नाही. नीट बघा. तोंड बघा तिचं. कोण आहे?"

समोरच्या भिंतीवर नियमांचा फलक आहे, तिकडे बघत होते. किती वेळ गेला सांगता येणार नाही, पण जेवणाची रांग लागून संपली. मी त्यांचा हात धरून ठेवला होता, नाडी भरभर चालली होती. मग त्यांनी हात सोडवून घेतला.

"आमची हीच होती," ते म्हणाले.

पंचवीस दिवसांची मेहनत. मी मुकादमाला हाक मारली, ऐक ऐक म्हणून. कंडक्टर त्यालाही म्हणाले, "ती बाई आमची हीच होती हो." मुकादम उठून दुसरीकडे जाऊन बसला. जळतो मेला, तीस दिवसांवर.

वहीच्या पुढच्या बाजूची आजची नोंद: जेवण नाही. पाणी दोन घोट.

२९ मार्च

वाटलं होतं रात्रीत पुसलं जाईल. नाही. डोळे उघडल्या उघडल्या मला म्हणाले, "ती आमची हीच होती." आणि जणू आत्ताच कळलं, तसे रडले.

जेवण नाही.

२ एप्रिल

सकाळी रडतात. मग विसरतात, मग कुठे काही हिरवं दिसलं, बादली, शिपायाच्या टोपीची पट्टी, की पुन्हा पहिल्यापासून. दिवसाला पाच-सहा वेळा. प्रत्येक वेळी नवं.

चार किलो वजन कमी झालंय. नोंदीत अडीच लिहिलं. समितीआधीच डॉक्टरांनी इस्पितळात हलवलं तर सगळंच राहील.

मी समजावतो, पश्चात्ताप म्हणजे हाच. चांगलंय हे. समितीला हेच पाहिजे.

१७ एप्रिल

तीन तिकिटं, तीन वाक्यं, अडखळल्याशिवाय. जेलर साहेबांपुढे म्हणून दाखवलं. साहेब म्हणाले, "वा." कंडक्टर म्हणाले, "धन्यवाद, सुट्टे द्या."

साहेब गेल्यावर मात्र माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "रागाच्या भरात नव्हे हो. ओळखलं नाही मी."

मी म्हटलं, रागाच्या भरात. निकालात तसंच आहे.

५ मे

उद्या समिती. दाढी रविवारीच करू देतात, पण साहेबांनी खास परवानगी दिली. मी करून दिली. गाल इतके बसलेत की ब्लेड फिरवायला जीभ आतून गालाला लावायला सांगावी लागली. धुतलेला सदरा आणला. झोपण्याआधी तीनदा म्हणून घेतलं.

६ मे

लिहावंसं वाटत नाही. पण लिहितो.

ऑफिसातली मोठी खोली. लांब टेबल, पाच जण, मधोमध न्यायाधीश बाई. मुलगी एका बाजूला खुर्चीवर, मांडीवर सही करायचा कागद. मला दारापाशी उभं राहू दिलं. तिकिटं देता येणार नव्हती, म्हणून ती कंडक्टरांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवली होती.

न्यायाधीश बाईंचा आवाज मऊ होता. "बसा आजोबा. तुम्ही इथे का आहात, माहीत आहे का?"

कंडक्टर बसले नाहीत. खिशात हात घातला. तिकिटं काढली आणि बघत बसले. मी मनात म्हणत होतो, पहिलं, पहिलं. त्यांनी तिन्ही टेबलावर ठेवली.

"घरात एक बाई आली होती," ते म्हणाले.

हे पहिलं वाक्य नव्हे.

"मी तिला म्हटलं, उतरा. ती उतरेना. मग मी ढकललं. ती परत वर आली. 'अहो, मी आहे, मी आहे' म्हणत होती. दोन्ही हात असे पुढे करून. तरी मी दुसऱ्यांदा ढकललं."

न्यायाधीश बाईंनी निकालाची पानं उलटली. बोट ठेवून शेजारच्यांना दाखवलं. म्हणाल्या, "म्हणजे परकी बाई होती, असंच अजून म्हणताय?"

"मला ओळखू आली नाही. आमची हीच होती ती."

"रागाने ढकललं का?"

"नाही हो. राग कशाला येईल? परक्या माणसाचा कसला राग?"

जेलर साहेब माझ्याकडे बघत होते. मी दारातून म्हणालो, "कंडक्टर, तिसरं! तिसरं म्हणा!" शिपायाने माझा दंड धरला.

बाईंनी विचारलं, "पश्चात्ताप होतो का तुम्हाला?"

कंडक्टर वळले. मुलीच्या खुर्चीकडे गेले आणि वाकून तिला विचारलं, "पडली का ती? फार लागलं का?"

मुलीने तोंडावर हात ठेवला. मग दोन्ही हात ठेवले. मांडीवरचा कागद खाली पडला, तिने तो उचलला नाही. उठून सरळ बाहेर गेली. मी दारातच होतो, माझ्या अंगाला घासून गेली, पण तिला मी दिसलो नाही.

निकाल तिथल्या तिथे. 'कैदी मूळचा बचाव आजही कायम ठेवतो. गुन्ह्याची जाणीव नाही. पढवून आणल्याचं दिसतं. नातेवाईकाची संमती नाही. पुढील विचार तीन वर्षांनी.'

दोन महिने पाठ करून घेतलं आणि ऐनवेळी माणसाने घात केला. बराकीत आल्यावर मी त्यांना नाही नाही ते बोललो. शेवटी हात उगारला. उगारलाच फक्त. त्यांनी डोकं पुढे केलं, मारा म्हणून. मी अंगणात जाऊन उभा राहिलो.

७ मे

नोंद: जेवण अर्धा पाव. लघवी अंथरुणात. 'ती आमची हीच होती' सहा वेळा.

२० मे

तीस दिवस तर गेलेच. वर पढवल्याबद्दल माझे या महिन्याचे पाचही कापले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

९ जून

मुलीचं पत्र आलं, माझ्या नावाने. ऑफिसात फोडून, वाचून, पुन्हा चिकटवलेलं. उतरवून ठेवतो, कारण पत्रं महिन्याने परत जमा करावी लागतात.

'भाऊ, त्या दिवशी मी न बोलता निघून आले. आई गेली त्या वर्षी बाबा दोनदा घराचा रस्ता चुकले होते. एकदा तर मला आत्या समजून बोलत राहिले, आणि आम्ही हसलो होतो. आईसुद्धा हसली होती. मी तेव्हा कोर्टात साक्ष दिली. मला विचारलं, वडील चिडखोर होते का? मी म्हटलं, हो, कधी कधी. हे रस्ता चुकल्याचं कोणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. माझ्या डोक्यातच आलं नाही. मी त्यांना न्यायला तयार आहे. कुठे सही करायची ते कळवा.'

ऑफिसात नेऊन दाखवलं. कारकून म्हणाला, "वरातीमागून घोडं. समिती उठली. आता तीन वर्षांनी."

"कोर्टात जाता येणार नाही का? हे नवीन आहे सगळं."

"अपिलाची मुदत केव्हाच संपली. वकील लावून अर्ज करू देत, चार-पाच वर्षांत तारीख लागेल." मग कंडक्टरांचं वय पाहिलं आणि फाइल मिटली.

पत्र मी रात्रीच्या जेवणाआधी पुन्हा वाचलं. हॉस्पिटलात मी असे किती म्हातारे पाहिले होते. वाट चुकणारे, बायकोला आई म्हणणारे. निकालाची प्रत माझ्याजवळ महिनाभर होती. मी ती तीन वाक्यं कुठून काढायची एवढंच बघत होतो.

जाऊ दे. मला काय, मला सांगितलं तेवढं मी केलं.

१० जून

मुलीला उत्तर लिहिलं, तीन वर्षांनी सही करा म्हणून. दुसरं काय लिहिणार?

१५ जून

शिवणखात्यात परत पाठवा, असा अर्ज दिला. कारण, माझी तब्येत. जेलर साहेब म्हणाले, "सोबती दिला तो दिला. कैदी मरेपर्यंत किंवा सुटेपर्यंत बदलता येत नाही, नियम आहे."

१९ जून

ठरवलंय की उलटं पाठ करून घ्यायचं. पुसून टाकायचं.

सकाळी ते बोलायच्या आतच मी म्हटलं, "कंडक्टर, आज तुमची ही येणार आहे भेटीला."

माझ्याकडे बघितलं त्यांनी. मला ते आता ओळखत नाहीत. मी सोबती, कंपाउंडर, रोज त्यांना धुणारा पुसणारा, हे सगळं गेलंय. एका परक्या माणसाशी बोलावं तसे सौजन्याने म्हणाले, "तुमचा काहीतरी गैरसमज होतोय. ती नाही येणार. मी मारलं तिला."

"नाही हो, कोणी सांगितलं तुम्हाला? ती बाजारात गेलीय."

"बाजारात नाही. जिन्यात."

दिवसभर प्रयत्न केला. बिस्किटाचे नवे तुकडे केले. पहिलं तिकीट, ही बाजारात गेली आहे. दुसरं, ती उद्या येईल. ते हातात घेतात, म्हणतात, आणि परत देतात. "हे जुनं आहे. चालत नाही."

२४ जून

बस गेली, पुढे सरका गेलं, कुठे उतरणार हेही गेलं. मुलीचं नाव तर कधीच गेलं होतं. एवढं एकच राहिलं. माझ्याकडून शिकलेलं.

नोंद: चहा अर्धा कप. वजन केलं नाही.

२ जुलै

सकाळी घंटेच्या आधीच उठून बसले होते. सदऱ्याच्या गुंड्या लावून, घोंगडी घडी करून. सरकून माझ्यासाठी पट्टीवर जागा केली.

"बसा," म्हणाले. "नवीन दिसता."

मी बसलो. वाद घालायचं सोडलंय मी.

"तुम्हाला सांगितलेलं बरं. मी आमच्या हिला मारलं. दोनदा ढकललं. मला ओळखू आली नाही." आज रडले नाहीत. नुसतं सांगितलं. "आणि तुम्ही?"

"मी हॉस्पिटलात होतो."

"आजारी होता?"

"नाही. कामाला होतो."

"मग इथे कसे?"

त्यांनी डोकं माझ्याकडे झुकवलं होतं, नीट ऐकू यावं म्हणून. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, जे सांगीन ते दहा मिनिटांत विसरणार. कोणाला कळणार नव्हतं. मी तोंड उघडलं.

घंटा झाली. मुकादम ओरडला, "दोन-दोन!" रांगा लागायला अजून वेळ होता, निम्मी माणसं पांघरुणातच होती. मी म्हटलं, "चला कंडक्टर, मोजणी."

ते लगेच उठले. आता मोजणीत अजिबात त्रास देत नाहीत. माझ्याशेजारी उकिडवे बसले, आणि त्यांचा नंबर आला तेव्हा स्पष्ट आवाजात 'हजर' म्हणाले.

माझा नंबर मुकादमाला दोनदा घ्यावा लागला.